वारा कुणाच्या मालकीचा?

मंडळी, वाऱ्याची पारख फक्त दर्यावर्दी माणसालाच असते, असे आपण उगीच समजतो. मळणीयंत्रे आली नव्हती तेव्हा खळ्यात तिवईवर उभे राहून ज्याने उफणणी केली आहे, अशा एखाद्या म्हाताऱ्याला विचारून पाहा. वारा कोणत्या अंगाने आहे, सूप किती तिरपे धरले म्हणजे दाणे पायाशी पडतील आणि भूस पलीकडे जाईल, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. संक्रांतीला माळावर पतंग उडवणाऱ्या पोरालाही वारा कळतो. दोरा कधी ओढायचा आणि कधी सैल सोडायचा, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते.

आमचे पडेगाव छत्रपती संभाजीनगरला लागून, दौलताबादच्या वाटेवर. समुद्र इथून कुठल्या कुठे! तेव्हा पाण्यावरच्या एका खेळाचा इतिहास आज मी सांगणार म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, "प्राध्यापक महाशय, हे आमच्या काय कामाचं?" आहे, कामाचे आहे. कारण ह्या इतिहासात एक बारा वर्षांचा मुलगा आहे, पाट्या रंगवणारा एक कारागीर आहे, विमाने बांधणारा एक इंजिनियर आहे आणि ह्या सगळ्यांच्या मागे उभी असलेली न्यायालये आहेत. भांडण होते ते एवढेच, की शोध कुणाचा? ह्या प्रश्नाशी खेड्यातल्या माणसाचा आणि खेड्यातल्या शिक्षकाचा फार जवळचा संबंध आहे.

खेळाचे नाव विंडसर्फिंग. आपण आपल्या सोयीसाठी ह्या साधनाला शीडफळी म्हणू. माणूस उभा राहील अशी एक लांबट, तरंगणारी फळी घ्यायची. तिच्यावर एक डोलकाठी, डोलकाठीला तिकोनी शीड. एवढ्यात नवल ते काय, असे वाटेल. नवल डोलकाठीच्या बुडाशी आहे. होडीची डोलकाठी घट्ट रोवलेली असते. शीडफळीची डोलकाठी रोवलेली नसते. तिच्या तळाशी असा सांधा असतो की ती चारी बाजूंना कलते आणि गोलही फिरते. ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटर जोडताना जो फिरता दांडा लावतात, त्याच्या टोकांचा सांधा तुम्ही पाहिला असेल. त्याला युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात. दांडा वाकडा झाला तरी फिरणे थांबत नाही. नेमकी तीच कल्पना इथे आहे.

आता डोलकाठी जर मोकळी, तर ती उभी कशी राहते? माणूस धरतो म्हणून! शिडाच्या दोन्ही अंगांनी धनुष्यासारखी वाकलेली एकेक दांडी असते. ती दांडी दोन्ही हातांनी धरून, अंगाचा भार मागे टाकून माणूस वाऱ्याशी तोल साधतो. ह्या होडीला सुकाणू नाही. शीड पुढे झुकवले की फळीचे नाक वाऱ्यापासून दूर वळते. शीड मागे झुकवले की नाक वाऱ्याकडे येते. सुकाणू, दोरखंड आणि खलाशी ही तिन्ही कामे एकाच माणसाचे शरीर करते.

इथे एक शंका कोणीही हुशार विद्यार्थी विचारील. वारा ज्या दिशेने वाहतो त्या दिशेला होडी जाईल हे समजते. पण वारा समोरून येत असेल तर? शीडाच्या होडीचे सारे शास्त्र ह्या एका प्रश्नात आहे. वारा शिडाला नुसता ढकलत नाही. फुगलेल्या शिडाच्या दोन्ही अंगांनी तो वाहतो आणि विमानाच्या पंखाला जसे वर उचलतो, तसे शिडाला एका अंगाला ओढतो. ही ओढ थोडी पुढे आणि बरीचशी आडवी असते. आडवे घसरणे थांबवण्यासाठी फळीच्या खाली पाण्यात एक उभे पाते असते. दौलताबादकडची सीताफळे आपण खातो. त्याची ओली बी दोन बोटांत दाबली तर काय होते? ती बाजूला जाऊ शकत नाही, म्हणून पुढे सटकते. एका बाजूने वारा, दुसऱ्या बाजूने पाणी, आणि मध्ये सापडलेली फळी अशीच पुढे सटकते.

तरी वाऱ्याच्या अगदी तोंडावर सरळ जाता येत नाही. थोडे डावीकडे, मग थोडे उजवीकडे, असे करत जावे लागते. कन्नडचा घाट चढताना रस्ता जसा वळणे घेत घेत माथ्यावर पोचतो, तसेच हे. डोंगराला सरळ भिडता येत नाही, पण वळणांनी गाठता येते.

हे ज्ञान आपल्या किनाऱ्याला नवे नव्हते. कोकणच्या गलबतांची तिरपी शिडे आडव्या वाऱ्यावर चालत. वारा पडला की खलाशी वल्ही हाती घेत. आंग्र्यांच्या आरमारात तर वारा नसताना लहान गलबते मोठ्या गुराबांना ओढून नेत. पण उलट्या वाऱ्यापुढे थोरामोठ्यांनाही थांबावे लागे. छत्रपती शिवाजी महाराज १६६५ च्या फेब्रुवारीत मालवणहून आरमार घेऊन बसरूरच्या स्वारीवर गेले. ही त्यांची प्रसिद्ध समुद्रावरची मोहीम. जाताना वारा अनुकूल होता. परतताना वायव्येच्या वाऱ्याने वाट अडवली आणि परतीला उशीर झाला, असे इतिहासकार सांगतात. राज्यकर्त्याची आज्ञा वारा मानत नाही. मालकी सांगणाऱ्याला तर तो मुळीच जुमानत नाही. पण विसाव्या शतकात ह्या वाऱ्यावर चालणाऱ्या एका साध्या साधनाची मालकी सांगितली गेली. ती हकीकत आता ऐका.

१९५८ साल. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेलिंग आयलंड नावाचे बेट आहे. तिथे पीटर चिल्व्हर्स नावाचा बारा वर्षांचा मुलगा सुटीत खेळत असे. त्याने एक फळी घेतली, तिच्यावर कलती डोलकाठी बसवली, शिडाच्या दोन्ही बाजूंना सरळ दांड्या बांधल्या आणि त्या हातात धरून तो पाण्यावर फिरू लागला. १९५८ आणि १९५९ अशा दोन उन्हाळ्यांत येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्याचा खेळ पाहिला. मुलगा मोठा झाला आणि गोष्ट तिथेच राहिली. त्याने ना पेटंट घेतले, ना कुठे लेख लिहिला. बारा वर्षांचे पोर लेख कशाला लिहील?

इकडे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात न्यूमन डार्बी नावाचा एक गृहस्थ होता. दुकानांच्या पाट्या रंगवणे हा त्याचा धंदा. समुद्रापासून आत, नद्यातळ्यांच्या मुलखात राहणारा हा माणूस. त्याला होड्या बांधण्याचा नाद होता. १९६४ साली त्याने फळीवर हाताने धरायचे, पतंगाच्या आकाराचे शीड उभे केले. त्याची पत्नी नाओमी हीही ह्या उद्योगात त्याच्या बरोबरीने होती. १९६५ च्या ऑगस्टमध्ये ‘पॉप्युलर सायन्स’ ह्या मासिकात त्याने ही फळी घरी कशी बनवावी ते आकृत्यांसह छापले. पेटंट त्याने घेतले नाही. फळ्या बनवून विकण्याचा प्रयत्न केला. तो फारसा चालला नाही. आज त्याची फळी आणि कागदपत्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत.

तिसरी गोष्ट कॅलिफोर्नियाची. तिथे जिम ड्रेक हा विमानविद्येचा इंजिनियर आणि हॉइल श्वाइट्झर हा व्यापारी, असे दोन मित्र होते. ड्रेकला होडीचा नाद, श्वाइट्झरला लाटांवरच्या फळीचा. दोन्ही एकत्र करता येईल का, ह्यावर त्यांचा खल चाले. १९६७ च्या मे महिन्यात ड्रेकने बनवलेली शीडफळी पाण्यात उतरली. शीड पाण्यात पडले की वर ओढायचे कसे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला. मग त्याला ओढायची दोरी लावली गेली. आजही नवशिका ह्याच दोरीने शीड उचलतो. सांध्यावरची डोलकाठी आणि धनुष्याकृती दुहेरी दांडी ही त्यांच्या साधनाची खूण. मार्च १९६८ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि जानेवारी १९७० मध्ये ते मिळाले. पुढे १९७३ साली श्वाइट्झरने ड्रेकचा वाटा ३६ हजार डॉलर्सना विकत घेतला.

त्यानंतर हा खेळ युरोपात वणव्यासारखा पसरला. फळी मोटारीच्या टपावर बांधून नेता येई. खलाशी नको, धक्का नको, बंदर नको. हजारो घरांत शीडफळी आली. आणि जिथे बाजार वाढतो तिथे खटले आलेच.

ब्रिटनमध्ये श्वाइट्झरच्या कंपनीने ताबूर मरीन नावाच्या कंपनीवर दावा लावला. म्हणणे असे, की आमच्या शोधाची तुम्ही नक्कल करता. प्रतिवादीने न्यायालयासमोर काय ठेवले असेल? त्या बारा वर्षांच्या मुलाची फळी! वादीचे वकील म्हणाले, मुलाच्या दांड्या सरळ होत्या, आमच्या धनुष्याकृती आहेत. तेव्हा दोन्ही वस्तू वेगळ्या. न्यायाधीशांनी बारकाईने पाहिले. मुलाच्या दांड्या सरळ खऱ्या, पण लवचीक होत्या. शिडात वारा भरला की त्या आपोआप वाकून धनुष्यासारख्या होत. म्हणजे जो आकार इंजिनियरने आखून काढला, तो मुलाच्या दांड्यांना वाऱ्यानेच दिला होता! अपील न्यायालयाने ब्रिटनमधले पेटंट रद्द ठरवले. हा निकाल १९८५ च्या निकालसंग्रहात छापला गेला. एखादी गोष्ट खरोखर नवा शोध आहे की जाणकाराला सहज सुचणारी आहे, हे ठरवण्याची त्यात सांगितलेली पद्धत कायद्याच्या जगात ‘विंडसर्फिंग कसोटी’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

अमेरिकेत मात्र निकाल उलटा लागला. १९८६ साली तिथल्या अपील न्यायालयाने श्वाइट्झरचे पेटंट वैध मानले. एकाच शोधाला एक देश नाकारतो आणि दुसरा मान देतो, हे कसे? त्याचे एक कारण समजून घेण्यासारखे आहे. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे परदेशात कोणी एखादी वस्तू नुसती वापरली असेल, तर तो पुरावा धरत नसत. परदेशातली गोष्ट छापलेली हवी किंवा तिचे पेटंट हवे. चिल्व्हर्सची फळी इंग्लंडच्या पाण्यावर तरंगली होती, कागदावर नव्हती. म्हणून अटलांटिक ओलांडताच ती जणू नाहीशी झाली! मात्र त्याच अमेरिकन न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली. ‘विंडसर्फर’ हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी रुळला आहे. तो एका कंपनीचा राहिलेला नाही. लोकांनी वापरून वापरून शब्द आपला केला, आणि कायद्याने ते मान्य केले.

ड्रेक आणि श्वाइट्झर ह्यांनी काहीच केले नाही, असा ह्याचा अर्थ कृपा करून काढू नका. मुलाने खेळ केला, पाटीवाल्याने आराखडा छापला, इंजिनियरने साधन नेटके केले, व्यापाऱ्याने ते जगाच्या दारात नेले. चौघांचेही श्रम खरे. पण ‘प्रथम मीच’ असे म्हणण्याचा अधिकार इतका सोपा नाही, एवढे ह्या इतिहासातून नक्की दिसते.

तुम्हाला वाटेल, हे सातासमुद्रापलीकडचे भांडण. पण असाच वाद आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला होता. १९९५ साली अमेरिकेत एक पेटंट दिले गेले. कशाचे? जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे! आपल्याकडे पोराचा गुडघा फुटला की आजी हळदीचा डबा काढते, हे सांगायला साक्षीदार हवेत का? पण तिथल्या पेटंट कार्यालयाला आजीची साक्ष चालणार नव्हती. त्यांना छापील कागद हवा होता. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, ही लढाई अंगावर घेतली. जुने ग्रंथ आणि नियतकालिके धुंडाळून ३२ संदर्भ सादर केले. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हळद आपलीच होती, पण ती आपली आहे हे लिहिलेले सापडले म्हणून आपण जिंकलो.

आता खेळाकडे परत येऊ. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये शीडफळीला प्रवेश मिळाला आणि नेदरलँड्सचा स्टेफान व्हान डेन बर्ग पहिला विजेता ठरला. स्त्रियांची स्वतंत्र स्पर्धा १९९२ मध्ये बार्सिलोनाला सुरू झाली. तिथे न्यूझीलंडच्या बार्बरा केंडलने सुवर्णपदक मिळवले. १९९६ साली ली लाय शान ह्या मुलीने हाँगकाँगला त्याचे पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले, आणि तेही सुवर्ण! ती चुंग चाऊ नावाच्या लहानशा बेटावर वाढली, आणि तिथेच आपल्या मामांच्या मार्गदर्शनाने हा खेळ शिकली.

ऑलिंपिकची शर्यत म्हणजे नुसता वेग नव्हे. पाण्यात खुणेचे तरंगते गोळे ठेवलेले असतात. काही टप्पे वाऱ्यासमोर वळणे घेत जायचे, काही वाऱ्याबरोबर यायचे. दिवसादिवसांच्या अनेक शर्यतींचे गुण मिळवतात आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो पुढे. वारा कुठे वळतो आहे, कुठे पडतो आहे, हे पाण्यावरच्या सुरकुत्यांवरून ओळखणारा जिंकतो. वेगाच्या स्पर्धा निराळ्या. तळ्यात चपटा दगड फेकून मुले भाकऱ्या काढतात, तशी हलकी फळी जोराच्या वाऱ्यात पाण्याला टेकत न टेकत निघते. फ्रान्सच्या आंत्वान आल्बोने २०१५ साली नामिबियात ५०० मीटरच्या अंतरावर तासाला ९८ किलोमीटरहून अधिक वेग गाठला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तर फळीखाली पंख लावलेले होते. वेग आला की पंख फळीला पाण्याच्या वर उचलतो आणि माणूस अक्षरशः हवेत चालतो.

आपल्या देशाचे काय? १९८२ च्या आशियाई स्पर्धांतील शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया ह्या जोडीने होडीच्या एका प्रकारात सुवर्णपदक मिळवले. शीडफळीत गोव्याच्या कात्या आणि डेन कोएल्यो ह्या बहीणभावांनी नाव कमावले. ह्या दोन्ही गोष्टी किनाऱ्यावरच्या. पण २६ सप्टेंबर २०२३ ला हांगझो आशियाई स्पर्धेत शीडफळीचे कांस्यपदक भारताला कोणी मिळवून दिले? इबाद अली ह्या तरुणाने. आणि तो तयार झाला कुठे? भोपाळला! समुद्रापासून शेकडो मैल आत, मोठ्या तळ्याच्या पाण्यावर. त्याच दिवशी लहान होडीच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर ही देवास जिल्ह्यातल्या खेड्यातली शेतकऱ्याची मुलगी. तिचेही शिक्षण भोपाळच्याच पाण्यावर झाले. डार्बीची फळी नद्यातळ्यांवर जन्मली, आणि आपल्याकडची पदकेही तळ्यावरच पिकली.

पाणी आपल्याकडेही आहे. १९७६ मध्ये पुरा झालेला जायकवाडीचा नाथसागर पैठणला पसरलेला आहे. पण ते पक्ष्यांचे अभयारण्यही आहे. तिथे वाटेल ते करता येणार नाही, आणि करूही नये. परवानगी, तरंगते जाकीट, जाणता शिक्षक आणि सोबतीला बचावाची होडी ह्यांच्याशिवाय कुठल्याही तळ्यात मुलांना उतरवू नका. ‘पोहता येतं हो मला’ एवढ्यावर वाऱ्याच्या खेळात भागत नाही. भर वाऱ्यात शीड पडले तर दमलेल्या माणसाला काठ फार दूर वाटतो.

शिक्षक बंधुभगिनींना मात्र एक काम सांगावेसे वाटते, आणि त्याला समुद्रही लागत नाही आणि तळेही लागत नाही. तुमच्या वर्गात एखादा मुलगा सायकलच्या जुन्या चाकांवर औताचे काहीतरी यंत्र बसवतो; एखादी मुलगी घागर उचलायची नवी युक्ती काढते. आपण म्हणतो, "शाब्बास!" आणि फळा पुसून पुढच्या धड्याकडे वळतो. तसे करू नका. एक जाड वही ठेवा. तीत मुलाचे नाव, गाव, तारीख आणि वस्तूची आकृती काढून ठेवा. काय केले, कशाने केले, कोणी पाहिले, तेही लिहा. शक्य झाल्यास छायाचित्र चिकटवा. २००० सालापासून गुजरातेत राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान हेच काम देशभरासाठी करते. खेड्यापाड्यांतल्या सामान्य माणसांच्या युक्त्या नोंदवून घेते. तिथवर ती वही पोचली तर उत्तमच. नाही पोचली तरी शाळेच्या कपाटात ती राहू द्या.

चिल्व्हर्सच्या बाबतीत लोकांना आठवण राहिली, साक्षी मिळाले, म्हणून त्याचा खेळ सव्वीस-सत्तावीस वर्षांनी न्यायालयात उभा राहिला. प्रत्येक मुलाचे नशीब तसे नसते. वारा कुणाच्याच मालकीचा नाही, तो सर्वांचा. पण त्या वाऱ्यावर पहिल्यांदा शीड कोणी धरले, हे लिहून ठेवणे आपल्या हातात आहे. आणि त्याला एक वही आणि एक पेन्सिल पुरते.